गावदप्तरातील आपले पूर्वज

श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. त्यामुळे आपल्या घरांतून तीन पिढ्या तोंडपाठ असतात. चौथीचे नाव विचारले, की वडीलधारी मंडळीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. मग कोणी उत्साही तरुण सरकारी दप्तराकडे धाव घेतो. परंतु कोणत्या दप्तरात काय असते हे ठाऊक असल्यावाचून केलेली खटपट बहुधा व्यर्थ जाते. कडेगावचेच उदाहरण घेऊ.

कडेगाव आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. इंग्रजी अमदानीत मात्र ते सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते व त्या तालुक्याची कचेरी विट्यास होती. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले आणि पुढे कडेगाव तालुकाही स्वतंत्र झाला. गाव जागच्या जागी राहिले. कचेऱ्या तेवढ्या बदलल्या. म्हणून शोध घेणाऱ्याने प्रथम साल ठरवावे आणि मग कचेरी.

शिरगणतीवर पुष्कळांची भिस्त असते. हिंदुस्थानात ती १८७२ साली प्रथम झाली व १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली. परंतु तिच्या छापील ग्रंथांत माणसांची संख्या सापडते, नावे नव्हेत. घरोघरची मूळ पत्रके जपण्याची पद्धत नव्हती; १९४८ च्या कायद्याने तर ती कोणास पाहताही येत नाहीत. विलायतेत १९२१ सालची पत्रके शंभर वर्षे लोटल्यावर २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे अपवाद एकच. १९५१ च्या गणतीवरून गावोगावच्या माणसांची नावनिशीवार राष्ट्रीय नोंदवही तयार केली होती. ती जेथे शिल्लक आहे तेथे मोठाच आधार मिळतो.

जन्ममृत्यूची नोंद गावदप्तरातील नमुना नंबर १४ मध्ये होई. पण येथेही एक अडचण आहे. नोंद बहुधा बारशापूर्वीची; म्हणून बाळाचे नाव न मिळता बापाचे नाव व ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच मिळते. त्यातून नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल. तेव्हा एकाच नावाचे दोन पुरुष एक समजले जाण्याचा धोका असतो. दत्तक गेलेल्याचा बाप तर कागदोपत्री बदलतोच. जुने कागद मोडीत असतात. त्यांवरील सुहूर सनात ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज राज्यभर एकाएकी जाणवली.

इनामदार व वतनदार घराण्यांस आणखी एक साधन आहे. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा अनेकांनी आपल्या वंशावळी पुढे केल्या. मात्र हक्क सांगण्यासाठी केलेली वंशावळ ही वारसांची यादी होय. तीत मुलींना, अल्पवयात गेलेल्या मुलांना आणि घरी परतलेल्या विधवा आत्याला जागा कोठून असणार? वतने गेली, कुलकर्ण्यांची वतनेही १९५१ साली संपुष्टात आली. तरी त्याच नमुन्याचा वंशवृक्ष आपण आजही काचेत घालून भिंतीवर लावतो!

वास्तविक आपल्या धर्मविधीची दृष्टी याहून उदार आहे. महालयात पितृत्रयीमागोमाग माता, पितामही व प्रपितामही यांचेही स्मरण करतात, मातामहांनाही विसरत नाहीत. मग वंशवृक्षातच त्यांना का वगळावे? मृत्यूच्या वहीत बाळंतपणात, प्लेगात, १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेलेली माणसे आढळतील. ती सापडली, की त्यांची नोंद वंशवृक्षात करावी. कुलाची एखादी अभिमानाची आख्यायिका कागदाशी जुळली नाही, तर तेही प्रांजळपणे लिहून ठेवावे.

आणि कचेरीत जाण्यापूर्वी माजघरात जावे. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, गेलेल्या लेकरांची नावे विचारावीत व तारीख घालून टिपून घ्यावीत. दप्तरातील वही उद्याही वाचता येईल; तिच्या आठवणी मात्र तिच्याबरोबरच जावयाच्या आहेत.