वायर-टर्मिनलचे हस्त-क्रिंपिंग : शास्त्र आणि कृती

प्रस्तावना :

आगीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य इतके रूढ झाले आहे की, त्यामागील नेमक्या कारणाचा शोध क्वचितच घेतला जातो. शॉर्टसर्किट झाल्यास प्रवाह एकाएकी वाढतो आणि एमसीबी तो खंडित करते. सैल जोडाच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. जोडाचा रोध वाढला की प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे एमसीबीला दोष कळतच नाही. १० अँपिअर प्रवाह वाहत असताना जोडाचा रोध केवळ ०.१ ओम असला, तरी त्या एका ठिकाणी १० वॅट उष्णता निर्माण होते. १.५ चौ. मि.मी. जाडीच्या तांब्याच्या सुमारे आठ मीटर वायरीत जेवढी उष्णता विखुरते, तेवढी येथे नखाएवढ्या जागेत एकवटते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील पॅनेल असो वा शेतावरील मोटारीचा स्टार्टर, वायरीच्या टोकाला बसविलेले थिंबल कसे दाबले आहे, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीला म्हणूनच महत्त्व प्राप्त होते.

संकल्पना :

क्रिंपिंग म्हणजे पकडीने थिंबल चेपणे, एवढीच समजूत बहुतेक ठिकाणी आढळते. वस्तुतः हा उष्णतेविना, केवळ दाबाने साधलेला धातुजोड होय. पुरेसा दाब मिळाला की थिंबलची नळी व वायरीचे तंतू यांचा आकार कायमचा बदलतो, तंतूंवरील ऑक्साइडचा थर फुटतो, उघडा धातू धातूला भिडतो आणि मधल्या फटी बुजल्याने हवेला व ओलाव्याला शिरकाव राहत नाही. दाब अपुरा पडल्यास फटी उरतात. अतिरेक झाल्यास तंतू तुटतात. साध्या पकडीचे सपाट जबडे नळी नुसती चपटी करतात व तंतू बाजूला सरकतात. त्यामुळे थिंबलच्या मापाची खाच असलेली क्रिंपिंग पक्कडच वापरावी लागते. रॅचेट असलेली पक्कड तर दाब पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही. काम हाताच्या अंदाजावर राहत नाही.

येथे एका दृढ गैरसमजाची नोंद घेणे आवश्यक ठरते. जोड अधिक पक्का होईल या समजुतीने तंतूंना आधी डाख चढवून मग थिंबल दाबण्याची प्रथा अनुभवी कारागिरांतही दिसते. डाख मऊ असतो. सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि आज घट्ट भासणारा जोड कालांतराने सैल होतो.

कृती :

पुरवठा खंडित केल्यानंतर वायरीचे आवरण काढताना एकही तंतू कापला जाऊ नये. वायर आत जात नाही म्हणून चार तंतू छाटून ती लहान थिंबलमध्ये कोंबणे हा निव्वळ आळस होय. आवरणयुक्त थिंबलचा रंगच माप सांगतो : लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ चौ. मि.मी. वायरीसाठी असतो. तांब्याच्या थिंबलमध्ये ॲल्युमिनियमची वायर घालू नये. त्यासाठी द्विधातू थिंबल मिळते.

तंतू नळीच्या पुढील तोंडातून सुमारे एक मि.मी. बाहेर दिसावेत. आवरण नसलेल्या थिंबलच्या नळीला सांधा असल्यास तो पकडीच्या खोलगट बाजूस ठेवावा, म्हणजे दात विरुद्ध बाजूने रुततो. दात सांध्यावर पडल्यास नळी उकलते. आवरणयुक्त थिंबलला दोन ठिकाणी दाब लागतो, पुढे धातूच्या नळीवर आणि मागे वायरीच्या आवरणावर. हा दुसरा दाब विद्युतवहनासाठी नसून, कंपनांचा ताण तंतूंवर येऊ नये यासाठी असतो. घाईत नेमका तोच राहून जातो.

शेवटी वायर हाताने खेचून पाहावी. ती जराही सरकली, तर त्याच थिंबलवर पुन्हा पक्कड चालवू नये. ते थिंबल कापून टाकावे आणि नवे बसवावे. याचसाठी पॅनेलमध्ये वायर अगदी मोजून न कापता चार बोटे अधिक ठेवण्याची जाणत्या वायरमनांची पद्धत आहे.