कूस बदलण्यामागील शास्त्र

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर शय्याव्रण होतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेला रक्तपुरवठा होत नाही, हे त्यांचे प्रमुख कारण. पूर्वी परिचारिका अशा जागी स्पिरिट वा मलम चोळीत. तरीही व्रण झाला की दोष त्यांच्याच माथी येई. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या वॉर्डांत या प्रश्नाचा अभ्यास केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनाने दाखवून दिले, की गुण येतो तो नियमित कूस बदलल्याने, मलमांनी नव्हे.

धोका आधीच ओळखता यावा म्हणून त्यांनी एक मोजपट्टी दिली. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, चालणे-फिरणे, अंगाची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा यांना प्रत्येकी १ ते ४ गुण. एकूण २० पैकी १४ किंवा त्याहून कमी असल्यास रुग्ण धोक्यात. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला रुग्णाचे मूल्यमापन शिकावे लागते ते यासाठीच. बेशुद्ध रुग्ण तक्रार कशी करणार?

घरी आजी-आजोबांची शुश्रूषा करणाऱ्यांनीही रोज त्यांची पाठ पाहावी. लालसर जागा बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली, तर ती चोळू नये. त्या जागेवरचा भार तत्काळ काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे.