दाढ काढूनही दुखणे राहते, तेव्हा

जिंतूर, पालम वा गंगाखेड तालुक्यातील एखादे ज्येष्ठ गृहस्थ गाल धरून परभणीस येतात, ते थेट दंतवैद्यांकडे. बहुधा ते योग्यच असते. परंतु दंतवैद्य 'दातात दोष नाही' असे सांगत असताना 'काढूनच टाका' हा आग्रह आम्हांस घातक वाटतो. निरोगी दाढ जाते आणि दुखणे जागच्या जागी राहते.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा तीन शाखांचा एक मज्जातंतू प्रत्येक बाजूस असतो. दातांची संवेदनाही तोच नेत असल्याने बिघाड तंतूत असला तरी दाढच दुखते असे वाटते. या विकारास ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. तो पन्नाशीनंतर अधिक आढळतो. पुष्कळदा कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी तंतूच्या मुळाशी दाब देत असते. कळ विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांची व सहसा एकाच बाजूस येते. तोंड धुणे, दाढी करणे, वाऱ्याची झुळूक, एवढे निमित्तही तिला पुरते. किडलेल्या दाताचा ठणका निराळा: तो रेंगाळतो, रात्री जागवतो, गार-गरम लागताच वाढतो. अभिनेते सलमान खान यांनी २०११ साली याच विकारावर अमेरिकेत उपचार घेतले होते. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही. कार्बामाझेपिन हे यावरील मुख्य औषध. पण वृद्धांस त्याने झोक जातो, रक्तातील सोडियम घटू शकते. दुसऱ्याची चिठ्ठी पाहून ते मुळीच घेऊ नये, आणि अंगावर पुरळ उठल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

चेहऱ्यावर नागीण उठण्यापूर्वी काही दिवस नुसतीच आग होते, कधी दाढही दुखते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू व्हावे. मंत्र टाकून घेण्यात नेमके हेच तास वाया जातात. कपाळावर वा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्यास धोका असतो.

चालताना जबडा दुखून विसावा घेताच थांबत असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेही व्यक्तींच्या छातीत कळ येईलच असे नाही. जबडा दुखून दरदरून घाम सुटल्यास तर क्षणही दवडू नये. कानशील हुळहुळे होणे, घास चावताना जबडा थकणे आणि दृष्टी अंधूक होणे ही कानशिलाच्या धमनीच्या दाहाची लक्षणे होत. हा रोग आपल्याकडे विरळा. पण उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दंतवैद्यांनी दात निर्दोष ठरविल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. कळ किती वेळ टिकते, कशाने उठते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे घरच्यांनी कागदावर लिहून सोबत न्यावे. वयस्कर माणसे डॉक्टरांपुढे 'दाढ दुखते' एवढेच सांगतात.