विजेच्या नकाशाचा अन्वय

वाळ्याच्या पडद्यांवर उन्हाळा काढणाऱ्या कित्येक घरांतून आतां खिडकींत हवा गार करणारें यंत्र बसलें आहे. त्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस बहुधा एक नकाशा चिकटविलेला असतो. त्यांतील रेघा आणि वर्तुळें पाहून हा कारागिराचा विषय असें आपण ठरवितों. परंतु ज्यास श्लोकाचा अन्वय लावतां येतो, त्यास तो दुर्बोध वाटण्याचें कारण नाहीं.

श्लोकांत कर्ता कोठेंही बसतो. आपण तो हुडकून क्रियापदाशीं जोडतों. तद्वत् हा नकाशा भागांचें स्थान सांगत नाहीं, संबंध सांगतो. वाचनाचा आरंभ फेजपासून करावा आणि वीज कशाकशांतून न्यूट्रलला पोंचते तें क्रमानें म्हणत जावें. स्विच, थर्मोस्टॅट, ओव्हरलोड हे वाटेवरचे द्वारपाल; पंख्याची मोटार आणि कॉम्प्रेसर हे काम करणारे. एका द्वारपालानें वाट अडविली कीं त्या वाटेवरील सर्व स्तब्ध होतें. निराळ्या फाट्यावरील काम मात्र चालूच राहतें.

एक उदाहरण घेऊं. पंखा फिरतो, पण हवा गार होत नाहीं. कॉम्प्रेसर थोडा वेळ गुणगुणतो आणि थांबतो. "कॉम्प्रेसर गेला", हा निकाल ऐकून मोठ्या खर्चास मान तुकविण्यापूर्वीं नकाशा पाहावा. गुणगुण ऐकूं येते, त्या अर्थीं द्वारपालांनीं वीज सोडली आहे. थर्मोस्टॅट अडला असता तर कॉम्प्रेसर मुकाच राहता. आतां कॉम्प्रेसरचीं तीन टोकें पाहावीं: सी हें सामाईक, आर हें चालू ठेवणाऱ्या वेटोळ्याचें, एस हें आरंभ देणाऱ्या वेटोळ्याचें. एसची वाट कपॅसिटरमधून जाते. पुष्कळ यंत्रांत पंख्याचा व कॉम्प्रेसरचा कपॅसिटर एकाच डब्यांत असतो. त्यांतील कॉम्प्रेसरचा भाग, ज्यावर 'हर्म' असें लिहिलेलें असतें, तो निकामी झाला तर पंखा चालेल, कॉम्प्रेसर उठणार नाहीं. व्होल्टेज २३० च्या फार खालीं गेलें किंवा कॉम्प्रेसर खरोखरच आंत अडकला, तरी लक्षण हेंच. म्हणून कारागिरास नम्रपणें विचारावें, "व्होल्टेज आणि कपॅसिटर मोजून पाहिलेत काय?" कपॅसिटरची किंमत कॉम्प्रेसरच्या मानानें अगदींच अल्प असते.

दोन गोष्टी मात्र जिवाशीं संबंध असलेल्या आहेत. अर्थिंगची हिरवी तार एरव्हीं कांहीं काम करतांना दिसत नाहीं, म्हणून ती कोणी काढून टाकूं नये. आंतील फेज यंत्राच्या पत्र्यास टेकली तर तीच रक्षण करते. दुसरें असें कीं, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्यें वीज सांठून राहूं शकते, आणि हें नकाशावरील रेघांत दिसत नाहीं. तेव्हां झांकणाआंत हात जाणकारानेंच घालावा. तो झांकण उघडील तेव्हां नकाशाचें छायाचित्र घेऊन ठेवावें, आणि घरांतील मुलांमुलींनीं व गृहिणींनीं तो अन्वय सावकाश लावून पाहावा. वाचण्याचा अधिकार सर्वांस आहे.