राजधान्यांची स्मारके (लेखांक सातवा) : राजिमचे मंदिर नेमके कोणत्या काळाचे?

गेल्या आठवड्यात आपण अथेन्सपाशी थांबलो होतो. १८३४ मध्ये ग्रीसची राजधानी तिथे आली तेव्हा ते मोडकळीला आलेले छोटे गाव होते. राजधानीला शोभेल असे त्याच्यापाशी होते ते अॅक्रोपोलिसच्या टेकडीवरचे पार्थेनॉन. पण नव्या राज्याला पार्थेनॉनचे सगळे आयुष्य नको होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात उभे राहिलेले हे देवालय पुढे सुमारे हजार वर्षे चर्च होते, मग मशीद झाले आणि १६८७ च्या वेढ्यात, आत साठवलेला दारूगोळा पेटून फुटले. एकोणिसाव्या शतकात तिथली मशीद पाडली गेली, १८७५ मध्ये मध्ययुगीन बुरूजही उतरवला गेला, आणि पेरिक्लीसच्या काळाखेरीज बाकी सारे काळ टेकडीवरून खाली गेले. आज प्रवासी तिथे जे पाहतो ते जुने आहे यात शंका नाही, पण ते निवडून ठेवलेले जुने आहे. राजधान्या स्मारकांचे काय करतात, याचा हा नमुना. याच्या उलट उदाहरण शोधायला युरोपात जायची गरज नाही. ते छत्तीसगडच्या राजधानीच्या कुशीत, अभनपूरच्या वाटेवर आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि काही वर्षांत रायपूरच्या आग्नेयेला, अभनपूर व आरंग तहसिलींतल्या गावांच्या जमिनीवर, नवा रायपूर आखला गेला. तिथे मंत्रालय आहे, २०२५ मध्ये उद्घाटन झालेले विधानभवन आहे, आणि २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झालेले ‘पुरखौती मुक्तांगन’ हे लोकसंस्कृतीचे खुले संग्रहालयही आहे. जुने मात्र सगळे भोवताली आहे : आरंगचे भांड देऊळ, महानदीकाठचे सिरपूर, आणि अभनपूरहून पुढे राजिम. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या रायपूर-धमतरी छोट्या रेल्वेची राजिमकडे जाणारी शाखा अभनपुरातच फुटत असे. ती लाइन गेली, तिच्या जागी रुंद रूळ आले, आणि मार्च २०२५ पासून रायपूर-अभनपूर गाडी धावू लागली. राजिम रायपूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. राजधानी पाहायला आलेल्याने इथवर यावे, असे माझे म्हणणे आहे. कारण राजिमचे राजीवलोचन मंदिर एका काळाचे नाही, आणि ते तसे नाही हेच त्याचे मोल आहे.

पुरावा मंदिराच्या मंडपातच आहे. तिथे भिंतीत दोन शिलालेख आहेत. एक नल वंशातल्या विलासतुंग राजाचा. त्यावर वर्ष नाही. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सन ७०० च्या आसपासचा ठरतो. त्यात दिवंगत पुत्राच्या पुण्यासाठी विष्णूचे मंदिर बांधल्याची नोंद आहे. दुसरा लेख रतनपूरच्या कलचुरींचा मांडलिक जगपाल याचा. त्यावर कलचुरी संवत ८९६ आहे, म्हणजे इसवी सन ११४५, आणि त्यात रामाच्या मंदिराचा उल्लेख आहे. हे राममंदिर म्हणजे राजीवलोचनाचाच जीर्णोद्धार की शेजारचे रामचंद्र मंदिर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी बाब म्हणजे हे दोन्ही लेख संपादित करून प्रसिद्ध करणाऱ्यांत नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आहेत. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार जिथून चालत असे, त्या नागपुरात बसून त्यांनी कलचुरींच्या कोरीव लेखांचे दोन भागांतले मोठे संकलन सिद्ध केले. दोन लेखांमध्ये साडेचारशे वर्षांचे अंतर, आणि दोन्ही एकाच मंडपात. तेव्हा ‘हे मंदिर कोणत्या काळाचे?’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा मार्गदर्शक एका लेखाकडे पाठ फिरवूनच ते देत असतो.

इमारतही हेच सांगते. मधले मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत वराह, नृसिंह, वामन आणि बद्रीनारायण यांची छोटी देवळे, खांबांवर नदीदेवता, वर विटांचे शिखर : ही एका हाताची, एका पिढीची रचना नाही. शिलालेखांत राजे आहेत. लोककथेत मात्र राजा मागे पडतो आणि राजिम नावाची तेलीण पुढे येते. मंदिरातली मूर्ती आधी तिच्याकडे होती असे लोक मानतात, आणि तिचे मंदिर त्याच परिसरात आहे. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. पण एका श्रमिक जातीने राजाच्या मंदिरावर आपला हक्क कसा सांगितला आणि तो कसा टिकवला, याचा ती ठोस पुरावा आहे. अथेन्सचा न्याय इथे लावला असता तर तेलिणीचे देऊळ ‘नंतरची भर’ म्हणून हटले असते, आणि हा पुरावा गेला असता.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. चालते देवस्थान म्हणजे रंगाचे हात, फरशा, तेल, कठडे. प्रत्येक पिढी भर घालते तशी आधीचे झाकतेही. मग भर घालण्याचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो काळजी न घेण्यावर आहे, थर राखण्यावर नाही. शिलालेखावर रंग चढू नये हा नियम पूजा थांबवल्याशिवाय पाळता येतो. अथेन्समध्ये बुरूज गेला तो कुणाच्या हलगर्जीमुळे नव्हे. ‘अस्सल’ तेवढेच ठेवायचे या विचाराने, ठरवून गेला.

दुसरा आक्षेप असा : सर्वसामान्य प्रवाशाला असा गुंता झेपत नाही, त्यापेक्षा सिरपूर बरे. तिथले लक्ष्मण मंदिर विटांचे, सातव्या शतकातले. हर्षगुप्ताची विधवा राणी वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ बांधलेले. पूजा नाही, गर्दी नाही, एक काळ आणि एक कर्ती. सिरपूर पाहावेच, आणि राजिमच्या आधी पाहावे, कारण विटांची कारागिरी तिथे निर्वेध दिसते. पण सिरपूर स्पष्ट आहे, कारण तिथले जीवन मध्येच थांबले. पतीसाठी बांधलेले मंदिर सिरपुरात उत्खननाच्या परिसरात उभे आहे; पुत्रासाठी बांधल्याची नोंद राजिममध्ये आजही घंटा वाजणाऱ्या मंडपात आहे. पहिल्यातून एक शतक कळते, दुसऱ्यातून शतके एकमेकांशी कशी वागली ते कळते. गुंता झेपत नसेल तर तो सोडवून सांगणारा फलक हवा. शिलालेखांशेजारी हिंदी आणि छत्तीसगडीत त्यांचा अर्थ लिहून ठेवणे काही अवघड नाही.

एकच क्षण निवडायचा मोह आपल्याकडे नाही असेही नाही. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर भरणारा मेळा आधी ‘राजिम कुंभ’ झाला, २०१९ मध्ये ‘माघी पुन्नी मेळा’ आणि २०२४ मध्ये ‘कुंभ कल्प’. सरकार बदलले की नाव बदलते, आणि प्रत्येक नाव हेच मूळ असा दावा करते. संगमातले कुलेश्वर महादेवाचे मंदिर या वादात पडत नाही, पण त्याचा उंच अष्टकोनी ओटा एक गोष्ट दाखवतो : नदीचा प्रवाह ओळखूनच बांधणाऱ्याने तो पुरापेक्षा वर नेला. राजधानीने जुन्याशी असेच, काळाचा प्रवाह ओळखून वागावे. नवा रायपूर आपली ओळख घडवताना एखादे सोयीचे शतक उचलून मिरवेल, तर त्याच्या पदरी प्रतिकृतीच उरतील. नल राजा, कलचुरी मांडलिक, तेलीण आणि आजचा भाविक या सर्वांना एकाच मंडपात जागा देणारे राजिम तासाभराच्या वाटेवर असताना तसे करण्याचे कारण नाही.

(पुढील लेखांकात : आरंगचे भांड देऊळ आणि छत्तीसगडातला जैन वारसा.)