जोडणीचं आयुष्य

मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली, तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी मिळताजुळता आवाज मुंबईत काही वर्षं आधीच उमटला होता, हे जगाच्या ध्यानात आलं. कौतुक झालं ते आवाजाचं. पण त्यात वापरलेला रोलँडचा टीबी-३०३ हा बेस सिंथ (सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ हे तालयंत्र यांची खरी ताकद त्यांच्या पाठीमागच्या पाच पिनांच्या सॉकेटमध्ये आहे. त्याला लावलेल्या वायरीतून एक यंत्र दर मात्रेला २४ स्पंद पाठवतं, दुसरं त्यावर पाऊल टाकतं. एकटा माणूस दोन्ही यंत्रं एका लयीत राबवू शकतो, तो या वायरीच्या जोरावर. घरी संगणकावर संगीत करणाऱ्यालाही सिंथच्या आवाजापेक्षा जोडणीच अधिक देते. तरीही निवड करताना तिचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते.

याच यंत्रांची पुढची कहाणी बोलकी आहे. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने १९९७ मध्ये ‘रीबर्थ’ या प्रोग्रॅममध्ये ३०३ आणि ८०८ संगणकाच्या पडद्यावर उतरवले. अडचण अशी, की रीबर्थ साउंड कार्ड अडवून बसे. मग गाणं रेकॉर्ड करणाऱ्या क्यूबेससारख्या प्रोग्रॅमला त्याचा आवाज थेट मिळणार कसा? त्यासाठी १९९८ मध्ये क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गच्या साथीने ‘रीवायर’ ही जोडणी आली. यात एक प्रोग्रॅम यजमान आणि दुसरा पाहुणा. यजमान आधी उघडायचा, बंद मात्र पाहुण्याला आधी करायचं. साउंड कार्ड यजमानाच्याच ताब्यात. पाहुणा आपला आवाज सरळ त्याच्या मिक्सरमध्ये ओतायचा, तोही नमुन्यागणिक काटेकोर जुळवून. क्यूबेसमध्ये प्ले दाबलं की रीबर्थ त्याच क्षणी सुरू होई. पुढे प्रॉपेलरहेडच्याच ‘रीझन’ या संगीत-प्रोग्रॅमच्या लोकप्रियतेला या सोयीचा मोठा हातभार लागला. मात्र हा करार एका कंपनीच्या मालकीचा होता. २०१९ मध्ये रीझनचा वाद्यांचा रॅकच प्लग-इन म्हणून, म्हणजे यजमान प्रोग्रॅमच्या आतच चालणारा, मिळू लागला आणि २०२० अखेर कंपनीने रीवायर थांबवलं. रीवायरच्या भरवशावर वर्षानुवर्षं बांधलेल्या फाइली नव्या प्रोग्रॅममध्ये जशाच्या तशा उघडायची वाटच उरली नाही.

याच्या उलट मिडी, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी बोलतं करणारा करार. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलँड या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे की-बोर्ड एका वायरीने जोडले गेले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतलेला हा करार कुणीही विनामोबदला वापरू शकत होतं, म्हणून तेव्हाचा की-बोर्ड आजच्या सॉफ्टवेअर सिंथलाही वाजवतो. लिनक्सवर पॉल डेव्हिस यांचं ‘जॅक’ हे प्रोग्रॅमांचा आवाज जोडणारं सॉफ्टवेअर आणखी पुढे गेलं. तिथे यजमान-पाहुणा ही उतरंड नाही. कोणत्याही प्रोग्रॅमची बाहेर जाणारी तार दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला लावता येते. ‘झिनॲडसबएफएक्स’ या मुक्त सिंथचा आवाज ‘आर्डर’ या रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये घ्यायचा, तर पडद्यावर एक रेघ ओढली की झालं. पुढे त्याच कामासाठी ‘पाइपवायर’ आलं, तेव्हा त्याने जॅकचा करार जसाच्या तसा पाळला आणि जुने प्रोग्रॅम न बदलता चालत राहिले.

यावर आक्षेप येतो, की आता सगळे सिंथ प्लग-इन म्हणून एकाच प्रोग्रॅममध्ये बसतात, मग जोडणी हवी कशाला? पण प्लग-इन हीदेखील जोडणीच आहे आणि तिलाही मालक असतो. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये आपल्या व्हीएसटी-२ या प्लग-इन प्रकाराचं विकासकिट देणं बंद केलं. पुढे काही यजमान प्रोग्रॅमनी हे जुने प्लग-इन घेणंही सोडलं. २०२२ मध्ये यू-ही आणि बिटविग या संगीत-सॉफ्टवेअर कंपन्यांनी मुक्त परवान्याचं ‘क्लॅप’ हे प्लग-इन मानक आणलं, त्यामागे हीच चिंता दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुक्त जोडण्या बसवायला किचकट असतात. खरंच असतात. जॅकमध्ये बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने एकदम हाताळायचे ते, स्वतः ठरवावं लागतं. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना २५६ नमुन्यांचा बफर ठेवला, तर एका बफरपुरता सुमारे ५.८ मिलिसेकंद उशीर होतो. तो कमी करावा तर आवाज तुटू लागतो. पण हे गणित प्रत्येक प्रणालीत असतंच. जॅक ते समोर मांडतं, आणि एकदा समजलेलं गणित कोणत्याही प्रोग्रॅममध्ये कामी येतं.

अर्थात, म्हणून मालकीच्या उत्तम सिंथकडे पाठ फिरवण्याचं काही कारण नाही. त्यातलं काम मात्र वेळच्या वेळी बाहेर काढावं. गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून वेव्ह फाइलमध्ये उतरवावा, सुरावटी मिडी फाइलमध्ये ठेवाव्यात. वेव्ह फाइल उघडणाऱ्याला गाण्याची लय आणि षड्जाची पट्टी आपोआप कळेलच असं नाही, तेव्हा त्या दोन्ही गोष्टी फाइलच्या नावातच लिहाव्यात.