पालीने काय गमावले?

भिंतीवर पाल चुकचुकली, की घरातील वडीलधारी मंडळी बोलता बोलता क्षणभर थांबतात. पालीच्या कुळाचा एक जुना हिशेब वाचनात आल्यापासून आम्हीही थांबू लागलो आहोत. कारण मात्र निराळे.

शरीरात शिरलेले रोगजंतू हुडकणाऱ्या पांढऱ्या पेशींत टी-पेशी प्रमुख. त्यांची घराणी दोन : अल्फा-बीटा आणि गॅमा-डेल्टा. पहिल्या घराण्यातील पेशींपुढे इतर पेशींनी जंतूचा तुकडा आणून धरावा लागतो, तेव्हा त्यांना शत्रू कळतो. दुसरीतील पुष्कळशा पेशींना अशा मध्यस्थाची गरज भासत नाही. त्वचेत व आतड्याच्या अस्तरात त्यांचा पहारा असतो. शार्क, बेडूक, कोंबडी, माणूस, सर्वांपाशी ही दोन्ही घराणी आहेत. उत्क्रांती म्हणजे भर पडत जाणे, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, ते अशाच उदाहरणांच्या बळावर.

इ. स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आमचे हे सांगणे खोडले. ऑस्ट्रेलियात सापसुरळीच्या कुळातील एक जाडजूड, संथ सरडा आहे. त्याची जनुके तपासली, तो गॅमा-डेल्टा घराण्याचा पत्ताच नाही! अक्षरे पुसट झाली होती असे नव्हे. पोथीची पानेच्या पाने गळाली होती. इतर सरड्यांत आणि सापांतही हीच गळती आढळते. पाल, सरडे व साप मिळून १०,००० हून अधिक जाती. पहाऱ्याची एक फळी नसतानाही त्या जगभर सुखाने नांदत आहेत. मग दुसऱ्या घराण्याने तूट भरून काढली असेल, अशी शंकेची पाल आमच्या मनात चुकचुकली. पण त्या सरड्याची अल्फा-बीटा जनुके काही अधिक गुंतागुंतीची झालेली दिसत नाहीत.

ही पाने गळाली केव्हा, याची साक्ष न्यूझीलंडचा तुआतारा देतो. दिसायला सरडा, पण त्याची शाखा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच सरडे-सापांपासून फुटली. त्याचा संपूर्ण जनुकसंच न्गातिवाई या माओरी जमातीच्या सहकार्याने २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्यापाशी गॅमा-डेल्टा जनुके शाबूत आहेत. म्हणजे लोप झाला तो दोन्ही शाखा वेगळ्या झाल्यानंतर. त्याच्या शाखेतील दुसरी एकही जात आज जिवंत नाही. माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी व इतर प्राण्यांनी मुख्य भूमीवरून त्याचा वंश पुसून टाकला होता; किनाऱ्यालगतच्या लहान बेटांवर तो तगला, म्हणून ही साक्ष मिळाली.